जांघेवरची वाळू

मित्रांनो, आधीच सांगते, नाक मुरडायचं नाही. मी एक जुनी वाळूची पिशवी आहे, आणि माझं अख्खं आयुष्य लोकांच्या जांघेवर गेलं.

हसून घ्या. मोंतेविदेओच्या आमच्या इस्पितळात सगळेच हसायचे.

माझ्या पोटात आहे ती इथल्याच किनाऱ्यावरची वाळू. शिवणखोलीतल्या बायकांनी ती धुतली, भाजली, जाड कॅनव्हासमध्ये भरली आणि वर दुहेरी टाके घातले. चाळताना एक शिंपला तेवढा त्यांच्या नजरेतून सुटला. तो अजून आत आहे. "टोचतंय, टोचतंय" म्हणून पेशंट ओरडायचे आणि शिव्या मला बसायच्या.

माझं काम साधं होतं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली की डॉक्टर जांघेतून एक बारीक नळी आत घालायचे आणि थेट हृदयापर्यंत सरकवायचे. काम झालं की नळी बाहेर आणि त्या भोकावर मी. मग संध्याकाळपर्यंत पाय वाकवायचा नाही. बसायचं नाही, वळायचं नाही, शिंक आली तरी जपून.

सुरुवातीला डॉक्टर नळीतून नुसते फोटो काढायचे, मान हलवायचे आणि माणसाला छाती उघडायला पाठवायचे. मग फुगा आला. तुंबलेल्या जागी नेऊन फुगवायचा, की वाट मोकळी. मग जाळी आली, पेनातल्या स्प्रिंगसारखी. पुढे औषध लावलेली जाळी आली. दरवर्षी डॉक्टरांची देशभरची सभा भरायची. तिथून येताना ते एक आलेख आणायचे आणि वॉर्डातल्या भिंतीवर चिकटवायचे. छाती उघडण्याची रेघ खाली, जाळीची रेघ वर. सगळा देश जाळ्या बसवून घेत होता, आणि मित्रांनो, प्रत्येक जाळीमागे एक जांघ होती! एकीवरून उचललं की मला दुसरीवर ठेवायचे. तेव्हा आम्ही पिशव्याही पुष्कळ होतो.

वॉर्ड झुल्मा तेचेरा या नर्सच्या ताब्यात होता. आवाज असा, की खालच्या रस्त्यावरची बस थांबेल. पण एका दुपारी तिचंही कोणी ऐकलं नाही. वॉर्डात टीव्हीवर उरुग्वेची मॅच होती, खाटेवरून खाटेवर ‘माते’ या आमच्या कडू चहाचा पेला फिरत होता, सगळे शहाण्यासारखे आडवे होते. तेवढ्यात गोल झाला. सगळा वॉर्ड उठून उभा राहिला आणि आम्ही पिशव्या धपाधप जमिनीवर! झुल्मा धावत आली.

"आडवे व्हा, मेल्यांनो! गोल त्यांनी केलाय, तुम्ही नाही!"

"अगं, पण हेडर होता, झुल्मा!"

"तुझं डोकं ठेव उशीवर आधी!"

सगळे वाचले. टीव्ही मात्र वॉर्डातून कायमचा गेला.

आणि मग मनगट आलं. डॉक्टर फाकुंदो सभेहून परतला तो उड्या मारतच. नळी आता हाताच्या मनगटातून घालायची. मनगटाला एक पट्टा बांधला की झालं, माणूस लगेच उठून बसतो. पुढच्या आलेखात जांघेची रेघ अशी घसरली, जशी घसरगुंडीवरून पोरं. त्या रेघेच्या खालच्या टोकाला मी होते. बाकीच्या पिशव्या कचऱ्यात गेल्या. मला झुल्मानं वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला लावून ठेवलं. येता-जाता लोक मला पायानं सरकवायचे. नवीन नर्सनी तर मी मांजराच्या शी-शूसाठी आणलेल्या वाळूची पिशवी आहे असं ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं. पण पेशंट त्याच दिवशी हसत घरी जाताना दिसले की वाटायचं, बरंच झालं.

तर एका फेब्रुवारीत, ढोलांच्या मिरवणुकीच्या दिवशी, भर दुपारी वाल्देमार सिल्वेइराला आणलं. वस्तीतला सगळ्यात मोठा ढोल वाजवणारा तो. रस्त्यात शेकोटीवर ढोलाचं कातडं तापवता तापवता छाती धरून खाली बसला होता.

फाकुंदो म्हणाला, "उजवा हात द्या, वाल्देमारकाका."

"उजव्यात काठी असते."

"मग डावा द्या."

"डाव्याच्या तळव्यानं वाजवतो. पोरा, हातांना हात लावायचा नाही. पायातून जा."

"काका, तीच पद्धत चांगली आहे. सगळा देश आता मनगटातून करतो!"

"सगळ्या देशाला ढोल वाजवता येत नाही."

भांडायला वेळ नव्हता. फाकुंदो जांघेतून गेला, जाळी नीट बसली, वाट मोकळी झाली. नळी काढून त्यानं बराच वेळ भोक दाबून धरलं. मग इकडे तिकडे बघू लागला. दाबायला आता ठेवायचं काय?

झुल्मा दाराशी आली, वाकली आणि मला उचललं. झटकलं, स्वच्छ कापडात गुंडाळलं. दार धाडकन आपटलं. मित्रांनो, इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हलायचं नाही," झुल्मानं वाल्देमारला बजावलं. "रक्त पातळ करायचं औषध दिलंय. भोक उघडलं तर आतल्या आत वाहील आणि कळायच्या आधी जाशील. कळलं?"

"कुठं हलतोय? तुझ्यासमोर हलायची कोणाची छाती आहे!"

"छातीचं नाव काढू नकोस."

संध्याकाळ होत आली, ऊन कललं आणि लांबून ढोल ऐकू येऊ लागले. आता आमच्या वस्तीत रीत अशी, की वादक आजारी असला तर मिरवणूक त्याच्या खिडकीखाली थांबते आणि त्याच्यासाठी वाजवते. त्याला बळ मिळावं म्हणून. सगळे ढोल इस्पितळाखाली येऊन उभे राहिले. भिंती थरथरल्या. औषधांच्या बाटल्या नाचायला लागल्या.

वाल्देमारच्या पायाचा अंगठा हलला.

"पाय!" फाकुंदो ओरडला.

"मी नाही हलवत, डॉक्टर. तो माझं ऐकतच नाही. त्यांचं ऐकतो."

अंगठ्यामागून टाच, टाचेमागून गुडघा. फाकुंदोनं घोटा घट्ट धरला. तर आता फाकुंदो स्वतःच तालावर हलू लागला. झुल्मा खिडकीकडे धावली. "बंद करा! बंद करा!" ढोलांपुढं तिचा आवाज कसला पोचतोय? तिनं पांढरा टॉवेल घेतला आणि दोन्ही हातांनी हलवला. आता आमच्याकडे बायका मिरवणुकीला गच्चीवरून, खिडकीतून रुमालच हलवतात. खालून जल्लोष उठला.

"झुल्मा नाचतेय रे! वाजवा!"

ढोल दुप्पट झाले.

आणि मला ऊब लागली. ओली ऊब. ती मी ओळखते. माझ्या कापडावर लाल डाग पसरत होता. मी ओरडू शकत नव्हते. मला फक्त जड होता येत होतं आणि तेवढं मी होत होते. झुल्मानं वळून पाहिलं, टॉवेल टाकला आणि दोन्ही हातांनी माझ्यावर भार टाकला. वाल्देमारचे ओठ फिके पडले होते.

"ऐक," ती त्याच्या कानाशी वाकली. आवाज एकदम हळू. "त्यांना थांबवता येत नाही आणि तुलाही नाही. पण ताल पायाला देऊ नकोस. हाताला दे. हात वाचवलेस ना एवढे? मग वापर ते. इथं वाजव, पिशवीवर. बोटांनी. हळू."

त्यानं बोटं माझ्यावर ठेवली. आधी दोन, मग चार. वाळूवर ती पावसाच्या थेंबांसारखी पडत होती. मग तर्जनीला काहीतरी कडक लागलं. माझा शिंपला! त्यानं नखानं वाजवलं. टक. ढोलाच्या लाकडावर काठी मारल्यासारखा आवाज.

"अगं, हिला लाकूडपण आहे!" तो म्हणाला आणि हसला.

पाय थांबला. फाकुंदोनं घोटा सोडला. बोटं वाजत राहिली, झुल्मा दाबत राहिली, आणि डाग होता तेवढाच राहिला. ढोल पुढच्या गल्लीत गेले तेव्हा त्याच्या ओठांवर रंग परत आला होता.

त्यांनी मला धुतलं, वाळवलं आणि पुन्हा दाराशी ठेवलं. आता मला कोणी पायानं सरकवत नाही. वाल्देमार तपासणीला येतो तेव्हा आधी माझ्यापाशी वाकतो आणि नखानं वाजवतो. टक. आतून झुल्मा विचारते, "गोळ्या घेतोस ना रे?" आणि तो माझ्याकडे बघत म्हणतो, "हिच्या देखत खोटं कसं बोलू?"

मित्रांनो, तुमच्या आजोबांची जाळी मनगटातूनच बसो, ते त्याच दिवशी घरी येवोत. पण भोक लहान झालं म्हणून दुखणं लहान झालं असं समजू नका. गोळी चुकवू देऊ नका. पडून राहा म्हटलं की पडून राहू द्या, मग खाली कोणीही वाजवो.

आणि कधी जुन्या पद्धतीचीच वेळ आली, तर मी इथं दाराशी आहे. अजून तेवढीच जड आहे.