डेस्लोंदची हाक

माझा धाकटा भाऊ लिंडेल रॅपर झाला तो आमच्याच रस्त्यावर, न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डात. रविवारी दुपारी कुणाच्या तरी अंगणात स्पीकर लागायचे, मोठ्या पातेल्यात झिंगे उकळायचे आणि लिंडेल माइक धरून एकेका गल्लीला हाक मारायचा. "फोर्स्टॉल!" म्हटलं की फोर्स्टॉलवाले ओरडायचे. "डेस्लोंद!" म्हटलं की आम्ही. शेजारची मिस अर्नेस्टीन नेहमी सगळ्यांच्या मागाहून ओरडायची. मग तिच्यावर हसण्यात पुढच्या दोन ओळी वाहून जायच्या.

मग वादळ आलं, बंधारा फुटला. मिस अर्नेस्टीन पुरात बुडून गेली. उरलेले जिथे जागा मिळाली तिथे पांगले. आम्ही दोघं ह्यूस्टनला आलो.

तिथे एका रेकॉर्ड कंपनीवाल्याने लिंडेलचं गाणं ऐकलं. म्हणाला, "चाल झकास आहे. पण या गल्ल्या कुणाला ठाऊक? शहरांची नावं घाल, अख्खा देश नाचेल."

मी म्हटलं, "नाही म्हण त्याला."

"ताई, त्या गल्ल्यांत आता राहतंय तरी कोण?" लिंडेल म्हणाला, आणि त्याने शहरं घातली.

देश खरंच नाचला. लिंडेल गावोगाव फिरू लागला. एकदा डेट्रॉइटहून त्याचा फोन आला.

"हजारो लोक ओरडले गं."

"मग आवाज का असा पडलाय?"

"कोण ओरडतंय ते कळतच नाही. आपल्या गल्लीत मी डोळे मिटून सांगायचो, हा बड, ही रोझलिन."

काही वर्षांनी आमच्या न्यू ऑर्लिन्सने त्याला जत्रेत गायला बोलावलं. भर उन्हात मैदान भरलं होतं. मी स्टेजच्या कडेला उभी होते. गाणं मध्यावर आलं आणि लिंडेलने शहरं सोडून दिली.

"फोर्स्टॉल!"

कोपऱ्यातून पाच-सहा आवाज आले. त्याचा चेहरा फुलला.

"डेस्लोंद!"

कुणीच नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा मी जीव खाऊन ओरडले. एकटीच. आवाज चिरकला. त्याने वळून पाहिलं, हसला, आणि उरलेलं गाणं त्याला नीट म्हणता आलं नाही.

नंतर गाडीत म्हणाला, "अजून बेसूरच आहेस."

"तुझीच बहीण आहे."

"डेस्लोंदला घे ना गाडी."

आमच्या घराच्या सिमेंटच्या तीन पायऱ्या तेवढ्या उरल्यात, बाकी छातीएवढं गवत. तो पायरीवर बसला.

"बांधूया का इथे घर?"

"बांध की. पण शेजारी कोण?"

दुसऱ्या दिवशी त्याला अटलांटाला गायचं होतं, तो गेला.

घर काही झालं नाही. पण दर सोमवारी, आमच्या गल्लीत घरोघर राजमा-भात शिजायचा त्या वारी, असेल तिथून फोन करतो. "राजमा-भात केलास?" विचारतो. मी हो म्हणते. मग काय काय घातलं, ते सगळं सांगायला लावतो.