भरलेल्या पेटीची साक्ष

मी एक जुनी फोनपेटी आहे. दक्षिण कोरियातल्या मोक्पो शहरातल्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात माझा मुक्काम असतो. सकाळी मुलं आपापले फोन माझ्या खणांत ठेवतात, बाई कुलूप लावतात आणि शाळा सुटली की मी ते परत देते. नवी होते तेव्हा मला काय मान होता! हातात फोन नसल्यानं मधल्या सुटीत मुलं एकमेकांची टिंगल करायची, भांडायची, हसायची. पालक माझं कौतुक करायचे आणि मी फुगून बसायचे.

मग मुलांनी युक्ती काढली. घरातला मोडका, बंद पडलेला फोन माझ्या खणात ठेवायचा आणि खरा मोज्यात दडवायचा. खण भरलेला दिसला की झालं. मित्रांनो, चालू फोन जरासा कोमट असतो, मेलेला थंडगार. मला फरक कळायचा, पण पेटीला कोण विचारतो?

योम बाई ऑनलाइन सुरक्षितता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायच्या, अगदी जीव तोडून. एके दिवशी त्या म्हणाल्या, "थोडासा आवाज मिळाला तरी यंत्र तुमच्या आवाजात वाटेल ते बोलतं."

"तुमच्याही, बाई?" वर्गातल्या नारे नावाच्या मुलीनं विचारलं.

"माझा आवाज कोण घेतंय? तुम्हालाच तो ऐकून झोप येते," बाई हसल्या. "आणि फोन तर सगळे पेटीत आहेत."

नारेचा पेटीतला फोन थंड होता.

पुढच्याच आठवड्यात पालकांच्या गटात एक ध्वनिफीत फिरली. बाई जणू मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या, "अर्धा वर्ग बिनडोक आहे गं, आणि आईबाप त्याहून." पालक शाळेवर धावून आले.

मुख्याध्यापकांनी मला टेबलावर मागवून घेतलं.

"सर, हे मी बोललेच नाही. कुणीतरी यंत्राकडून बनवलंय."

"पण यंत्राला द्यायला तुमचा आवाज पोरांना मिळाला कुठून? फोन पेटीत होते ना?"

"होते," बाई हळूच म्हणाल्या. "कुलूप मीच लावलं."

त्यांचा माझ्यावरचा विश्वासच त्यांच्या गळ्याशी आला. मला फार वाईट वाटलं.

वर्गात नारेच्या मैत्रिणीनं, दासोमनं तिला गाठलं. "सांगून टाक ना. बाईंची नोकरी जाईल."

"मी गंमत केली होती गं. आणि सांगितलं तर पेटीत काय ठेवलं होतं तेही विचारतील. तुझाही फोन बघतील."

दासोम आपल्या बाकावर जाऊन बसली. तिचाही फोन थंडच होता.

योम बाई शाळा सोडून गेल्या. जाताना त्यांनी माझ्या झाकणावरची धूळ बाहीनं पुसली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

आता माझे कोपरे गंजलेत, कुलूप कुरकुरतं. पण मित्रांनो, मला तेल नको, रंगही नको. खणात हात घालून फोन कोमट आहे का, एवढं बघा. हे मी रोज मनात म्हणते आणि रोज झाकण वरून बंद होतं.

आज नवीन बाई आल्या. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं.

"सगळे खण भरलेत? शाब्बास. चला, आज ऑनलाइन सुरक्षितता शिकू या."

आत सगळे फोन थंड होते.