सासूबाईंचे ब्रेक

आमच्या सासूबाईंचं नाव बुरुलचा, पण सगळे त्यांना आदरानं 'आपा', म्हणजे ताई, म्हणतात. गाडी त्या स्वतः चालवतात आणि शेजारच्या सीटवरच्यानं शिकवलेलं त्यांना खपत नाही. तलासला भाचीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी गाडी उलारबेकच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली.

"आपा, ब्रेक ऑइल नवंकोरं घातलंय," गाडी परत देताना तो म्हणाला. "डोळे मिटून चालवा."

"असं? मग तूच चल लग्नाला. डोळे तू मीट, मी चालवते."

लग्नाचं जेवण कोण सोडतंय? उलारबेक पुढं बसला. मी मागं, मांडीवर बोरसोकचं, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचं, पातेलं, अजून गरम.

तोओ-आशू घाटाचा बोगदा ओलांडला आणि सुसामिर खोऱ्याचा उतार लागला. सासूबाई गात होत्या आणि सारखा ब्रेक दाबत होत्या. एका वळणावर गाणं थांबलं.

"उलारबेक, पाय लोण्यात घातल्यासारखा खाली जातोय रे."

"आपा, खालचा गिअर! अजून खालचा!"

"ओरडू नकोस, कळतं मला!"

गाडी किंचाळली. बोरसोक उडून माझ्या केसांत. "हँडब्रेक हळूहळू ओढा!" उलारबेक डोळे गच्च मिटून सांगत होता. तेवढ्यात सासूबाईंनी गाडी उजवीकडच्या चढाच्या कुरणात घातली. कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, विकणाऱ्या बाईची वाळत घातलेली चादर घेऊन गाडी थांबली. काचेपुढं सगळं पांढरं.

"मेलो का?" उलारबेकनं विचारलं.

सासूबाईंना हसू फुटलं. मग मला. मग चादर ओढायला आलेल्या बाईलाही. पोटं दुखेपर्यंत हसलो.

उलारबेकनं बॉनेट वर करून ब्रेक ऑइलची डबी उघडली. ऑइल चहासारखं तपकिरी.

"हे नवंकोरं?"

"आपा... जुनं काढलंच नाही. वरून थोडं घातलं. तेही उघड्या बाटलीतलं, दोन हिवाळे पडून होती. हवेतलं पाणी शोषतं ते, आणि ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, मग पेडल नुसतं खाली जातं. चुकलं माझं."

"चुकलं ना? मग आता नीट कर."

खाली जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा मिळाला. चाकं गार झाल्यावर उलारबेक गाडीखाली शिरला, सासूबाई ब्रेकवर.

"दाबा! धरा! सोडा!"

तपकिरी ऑइल जाऊन स्वच्छ यायला लागलं, बुडबुडे संपले, तोवर कुमिसवाली बाईही टाळ्या वाजवत "दाबा! धरा!" ओरडत होती.

"आता चालव," किल्ली त्याच्या हातात देत सासूबाई म्हणाल्या.

उलारबेकनं इतकी जपून चालवली की घोड्यावरचे दोन म्हातारे आम्हाला हात करून पुढे गेले. लग्नात मात्र सर्वांत जास्त तोच नाचला, सासूबाईंसोबत.