थंड कोपरा

लीलाधरने बोंबिलाच्या तव्याखालचा गॅस बंद केला आणि बनियनला हात पुसत लेकीच्या लॅपटॉपवर वाकला. पडद्यावर निळे-पिवळे ठिपके उधळलेला एक लंबगोल होता.

"हे आभाळ?"

"आभाळातला सगळ्यात जुना उजेड, बाबा. कुठेही मोजा, तापमान जवळजवळ सारखंच. फक्त हा डाग नको तितका थंड आहे. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही."

"थर्मामीटर बिघडला असंल."

"दोन वेगळ्या उपग्रहांनी मोजलंय. दोघांनाही दिसतो."

रुचिताला पाचच्या आत प्रबंध पाठवायचा होता. सर म्हणत होते, डागाचं प्रकरण काढून टाक, परीक्षक उगाच धारेवर धरतील. चार वर्षं त्या डागापायी तहानभूक विसरलेली पोरगी आता डिलीटवर बोट ठेवून बसली होती.

"योगायोग असेलही," ती म्हणाली. "सरांशी वाकडं कशाला घ्यायचं? एक प्रकरण गेलं म्हणून काय आभाळ कोसळतंय!"

बर्फाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लीलाधरचं एकच काम होतं: कोल्डरूमच्या चारी कोपऱ्यांचं तापमान दर तासाला वहीत लिहायचं.

"आमच्याकडं पन एक कोपरा होता," तो म्हणाला. "बाकीच्यांपेक्षा तीन डिग्री थंड. रोज. मुकादम बोलला, चारी आकडे सारखे लिव, नायतर साहेब बोंब मारंल. मी लिवले. दोन म्हयने."

"मग?"

"भिंतीमागं व्हॉल्व्ह अडकला होता, म्हनून तिथं थंड पडत होतं. एक दिवस फुटला. अमोनिया बाहेर आला. माझा पाळीचा जोडीदार आत होता."

रुचिताने चटकन मान वर केली.

"आत्मारामकाकांचे डोळे गेले, तेव्हा?"

"तवाच."

गेली अकरा वर्षं दर रविवारी लीलाधर आत्मारामला हाताला धरून खाडीवर फिरवून आणी. दोस्ती असावी तर अशी, असं सगळा कोळीवाडा म्हणे. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"काकांना माहितीये?"

"न्हाय."

रुचिताने डिलीटवरून बोट उचललं आणि प्रकरणाच्या शेवटी सावकाश एक ओळ लिहिली: 'कारण अद्याप माहीत नाही.' आणि डागासकट सगळा प्रबंध पाठवून दिला.

वळून पाहते तो लीलाधर दारात चपला घालत होता. हातात बोंबलांचा डबा होता.

"काकांकडे? बाबा, आज रविवार नाहीये."

"ठाव हाय," लीलाधर म्हणाला आणि जिना उतरू लागला.