जाळीखालची गळती

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्याच अंगावर साबणाचं पाणी सोडता आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. चालायचंच. मी बाथरूमच्या फरशीतली एक जुनी स्टीलची जाळी आहे. पाणी खाली सोडायचं आणि केस वर अडवायचे, एवढंच माझं काम. माझ्यावर कुणी चार ओळी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

कारखान्यात दणकन साचा पडला, अंगाला भोकं पडली आणि मी गोल होऊन बाहेर आले. तेव्हा मी अशी चकाकत होते की काय सांगू! पुढे बिल्डरच्या माणसांनी मला दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात बसवलं. भलतीच घाई चालली होती. माझ्या खाली एक खोलगट वाटी असते आणि तिला पाइप जोडलेला असतो. तो सांधा नीट भरायला हवा होता. पण गवंड्याला कुणीतरी हाक मारली, तो ‘झालं, झालं’ म्हणत उठला आणि वरून फरशी बसली. सांध्यातली फट तशीच राहिली.

मग हे घर एका ताईनं भाड्यानं घेतलं. ती दवाखान्यात नोकरी करायची. सोबत तिचे बाबा. त्यांची नजर पार गेलेली. आधीच्या घरात त्यांना आंघोळीलाही हात धरून न्यावं लागे. इथं मात्र थोड्याच दिवसांत ते भिंत चाचपत एकटे येऊ लागले. पायाच्या अंगठ्यानं मला शोधायचे. मी लागले की त्यांना कळायचं, नळ उजवीकडे, बादली समोर, टॉवेल पाठीमागे. मग आतून कडी लावायची आणि मनसोक्त आंघोळ. वर गाणंही! सूर कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं, पण आवाज खणखणीत. एकदा लेकीला म्हणाले, “पोरी, ही जाळी आहे म्हणून माझं चालतंय बघ.” मित्रांनो, जाळीचं असं कौतुक कोण करतं? मी अगदी धन्य झाले.

पण खालच्या मजल्यावर काकू राहत. त्यांच्या छताला ओल आली, पोपडे पडू लागले. काकू वर आल्या, आधी गोडीनं, मग तणतणत. ताईनं घरमालकांना फोन केला. आता गंमत बघा, बिल्डर म्हणजे मालकांच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याला बोलायचं कोणी? “घरचाच माणूस आहे, करून देईल,” मालक म्हणाले. बिल्डर आला, वाकलासुद्धा नाही, उभ्याउभ्याच म्हणाला, “होऊन जाईल.” पुढेही दर वेळी हेच. शेवटी घरात त्याचं नावच ते पडलं.

“होऊन जाईलनी फोन उचलला का गं?” बाबा विचारायचे.

“नाही बाबा. होऊन जाईल आज साइटवर आहेत.”

दोघं हसायची. तेव्हा अजून हसायची.

त्याच्या माणसांनी आधी फरशांच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं. गळती तशीच. मग कोपऱ्यांत कसलंसं रसायन फासलं. तरी तशीच. शेवटी सगळ्या फरशा फोडून नवं वॉटरप्रूफिंग केलं. माझी वाटी आणि पाइप मात्र ‘चांगलेच तर आहेत’ म्हणून जागच्या जागी ठेवले. वाटलं, डोकं आपटून घ्यावं, पण जाळीला डोकं कुठलं?

आणि दर कामानंतर परीक्षा व्हायची. मला उचलून बाजूला ठेवायचं, खालच्या भोकात कापडाचा बोळा गच्च कोंबायचा, बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं आणि खालचं छत गळतं का ते बघायचं. आता तुम्हीच सांगा. गळणारा सांधा बोळ्याच्या खाली. बोळ्यानं पाणी अडवल्यावर ते सांध्यापर्यंत पोहोचणार कसं? छत अर्थातच कोरडं राहायचं.

“बघा, एक थेंब नाही,” बिल्डर म्हणाला. “आमचं काम चोख आहे. बाबांना दिसत नाही ना, सांडत असतील भिंतीवर. पाणी जरा जपून वापरा.”

बाबा दारातच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं गाणं बंद झालं. ते खाली बसून तांब्या-दोन तांब्यांत आंघोळ उरकू लागले. तरीही जेवढं पाणी पडायचं, तेवढं गळायचंच.

एकदा ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “साहेब, हा बोळा काढून नुसता नळ सोडून बघू या का?” माझा जीव भांड्यात पडला. आता सुटलो सगळे! पण तो हसला. “ताई, टेस्टची एक पद्धत असते. आम्ही काय आजच घरं बांधतोय?” मालकांनीही मान डोलावली. मी तिथंच भिंतीला टेकून पडले होते, आणि मला तोंड नव्हतं.

मग मालकांनी घर सोडायला सांगितलं. ताईला घाईत मिळालं ते घर असं की बाथरूमला उंच उंबरा आणि आत निसरड्या पायऱ्या. म्हणजे पुन्हा दार उघडं आणि लेकीचा हात. निघायच्या दिवशी बाबा माझ्यावर पाय ठेवून बराच वेळ उभे राहिले. “माझ्यामुळं तुझं घर गेलं, पोरी,” ते म्हणाले. ताई “नाही हो बाबा, असं नका म्हणू” म्हणत राहिली. त्यांना ते पटलं नाही, मला आवाजावरून कळलं.

घर रिकामं झालं. आंघोळ करायला कुणीच नाही, तेव्हा काकूंचं छत आपोआप वाळलं. बिल्डर मालकांना घेऊन आला आणि म्हणाला, “पटलं ना? ती माणसं गेली, गळती गेली.” मालकांना पटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुठं गळलं, तर माणसाला बोल लावण्याआधी वाकून जाळी उचला, खाली बघा. एवढे कष्ट घ्याच. आणि ते बाबा तुम्हाला कुठं भेटले, तर त्यांचा हात हातात घेऊन माझा एक निरोप सांगा. म्हणावं, पाणी तुम्ही सांडलं नव्हतं.