बाबांच्या उशाचा पॉइंट

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांच्या दुकानात आम्लाचा उग्र वास कोंडला होता. पण तिला किळस आली ती दादाच्या प्रश्नाची.

"वर्षभर टिकेल अशी नाही का एखादी?" वॉरंटी कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत तो म्हणाला. "म्हाताऱ्यापुरतीच हवीय."

दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली. बाबांचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर चालला होता, आणि अलीकडे दुपारी गेलेली वीज संध्याकाळशिवाय परतत नसे. मागच्या खेपेला राखीव सिलिंडर मध्येच संपला, तेव्हा बाबांची नखे निळी पडलेली तिने पाहिली होती.

"दादा, जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव."

"यात लाज कसली? पाच वर्षांची वॉरंटी घेऊन नंतर तिचं काय लोणचं घालायचंय?"

तिने मोठ्या बॅटरीकडे बोट दाखवले. दादा एकदम खुलला. "मग हॉलचा टीव्ही आणि आमचा कूलरही टाकू हिच्यावर!"

"ताई, एकट्या यंत्राला दिलीत तर संध्याकाळपर्यंत पोचाल," दुकानदार हळूच म्हणाला. "वाटून दिलीत, तर मध्येच अडकाल."

वायरमन आला तेव्हा तिने समोर उभे राहून बॅटरीवर एकच पॉइंट जोडून घेतला, बाबांच्या उशाशी. "घर काय तुझ्या एकटीचं आहे?" असे दादा दोनदा ओरडला. वायरमनने स्क्रू आवळले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. यंत्राची घरघर मात्र अखंड चालू राहिली. ती निश्चिंतपणे बाबांसाठी सूप गरम करायला गेली.

परतली, तर दादाने एक्स्टेंशन बोर्ड लावून कूलर खोलीत आणला होता. शर्टाची बटणे उघडून, पोटावर वारा घेत तो बाबांच्या पायथ्याशी पसरला होता. खाल्लेल्या संत्र्याची साले आणि चोथा बाबांच्या चादरीवर पडला होता. बॅटरी भराभर उतरत होती.

"अरे, माणूस आहेस की कोण?"

"मरणाचं उकडतंय. आणि बाबांना विचारलंय मी."

बाबांनी नळीआडून मान हलवली. "राहू दे गं," एकेका शब्दासाठी थांबत ते म्हणाले. "त्याला... घाम फार येतो. लहानपणापासून."

दादाने विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. त्याची किळस तिला नवी नव्हती. बाबांच्या या आंधळ्या मायेचीही किळस यावी, याने मात्र ती हादरली. तिने बोर्डाची पिन उपटली.

"बाबा, बघा ना हिला!" पन्नाशीला टेकलेला दादा लहान मुलासारखा किंचाळला.

बाबांच्या डोळ्यांत नाराजी दाटली. घामाने चिकटलेली पिन मुठीत धरून ती यंत्राला पाठ लावून बसली, आणि वीज येईपर्यंत तिने बाबांकडे पाहिले नाही.