ऑगस्टमध्ये ढ

शाळेच्या वळणावर जारेडने गाडी थांबवली आणि विचारलं, “मॉम, इथून कुठं?”

डार्लाला आधी वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. याच वळणावरून तो पहिलीपासून शाळेत जात होता. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तसं त्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात कानांवर दाबले.

“उतर,” ती म्हणाली. “मी चालवते.”

मागच्या शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात त्याचं हेल्मेट समोरच्या धिप्पाड पोराच्या हेल्मेटवर असं आदळलं, की आवाज सगळ्यात वरच्या बाकापर्यंत आला. तो उठला आणि सरळ दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. पोरांच्या दुखापती बघणारी संघाची ट्रेनर हॅली मात्र धावत गेली आणि दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन आली. पेनसिल्व्हेनियात कायदाच आहे तसा. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी पोर बाहेर, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत आत नाही. दर ऑगस्टला, सराव सुरू व्हायच्या आधी, या शाळेत प्रत्येक पोराची संगणकावर परीक्षा होते. आकडे लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, पटापट बटण दाबा. मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण जुळले म्हणजे डोकं ठिकाणावर आलं.

जारेडचे गुण जुळले होते. “काही दुखत नाही,” असं तोही रोज छातीठोकपणे सांगत होता. डॉक्टरने सही केली, जारेडच्या बापाने, डेलने, त्याहून ठळक सही केली. उद्या शुक्रवारी बाद फेरीचा सामना होता.

शाळेत पोचताच डार्ला तडक हॅलीच्या खोलीत गेली. हॅली कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, पण कामाला चोख. तिने संगणक वळवून दाखवला.

“हे बघा, मिसेस वोयचिक. ऑगस्टमध्ये जेवढे, तेवढेच आत्ता. तसे कमीच आहेत, पण ते त्याचे नेहमीचेच.”

“कमी? अगं, याला अख्ख्या जिल्ह्यातल्या खेळाडूंचे नंबर तोंडपाठ आहेत. गणितात वर्गात पहिला येतो हा!”

हॅलीने आकडे पुन्हा बघितले. डार्लाने बाहेर येऊन जारेडला व्हरांड्यातच गाठलं.

“ऑगस्टची परीक्षा कशी दिली होतीस?”

“सगळे देतात तशी.”

“म्हणजे कशी?”

“मुद्दाम चुकायचं गं. मोठी पोरं लहानांना शिकवतात. आणि डॅड पण म्हणाले होते ना, ऑगस्टमध्ये ढ बन, म्हणजे ऑक्टोबरमध्ये हुशार दिसशील.” तो हसला. मग हसणं मध्येच विसरल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

डार्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर चिडावं तेच कळेना. कायद्याला कितीही नावं ठेवा, तो बिचारा दारात काठी घेऊन उभा होता. मागची खिडकी घरच्यांनीच उघडून दिली होती, आणि वर एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या.

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात संघाचं जेवण असतं. आया रांधतात, पोरं ओरपतात, बाप भिंतीला टेकून आपापले जुने सामने पुन्हा जिंकतात. त्या संध्याकाळी डार्ला तिथल्या स्वयंपाकघरात कोबी-नूडल्सच्या पातेल्यापाशी उभी होती. डेल आणखी लोणी न्यायला आत आला, तसं तिने त्याला अडवलं.

“ढ बन म्हणालास पोराला?”

डेलने आधी दार लोटलं. “हळू बोल. सगळेच करतात.”

“सगळ्यांची पोरं रस्ता विसरली नाहीत आज.”

“उद्या कॉलेजच्या संघाचा माणूस येतोय त्याला बघायला, डार्ला. एक सामना! माझ्या वेळी आम्ही कितीदा आपटलो. मला काय झालंय?”

“ते मला विचार. इतकी वर्षं तुझ्याबरोबर संसार करतेय.”

ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. हॅली कोच दिनार्डोंच्या शेजारी जेवत होती.

“हॅली, जारेडची ऑगस्टची परीक्षा खोटी आहे. मुद्दाम चुकला तो. बापाने शिकवलं, संघाने शिकवलं. आज सकाळी पोराला शाळेचा रस्ता सापडला नाही.”

तिला जे बघायचं नव्हतं ते तिने तेव्हा बघितलं. लांबलचक टेबलांवरचं एकही पोर जारेडकडे बघत नव्हतं. सगळी आपापल्या ताटात बघत होती.

“डार्ला,” कोच गोड आवाजात म्हणाले, “नूडल्स फक्कड झाल्यात. तेवढंच बघ ना तू.”

“तुम्ही तुमचं बघितलं असतंत कोच, तर मला तोंड उघडावं लागलं नसतं! आमची पोरं तुमच्या ताब्यात देतो, ती अक्कल गहाण टाकून यायला नव्हे!”

हॅली उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज बसला नव्हता. “आता मला कळलंय. कळल्यावर मी त्याला आत सोडणार नाही. जारेड, उद्या हेल्मेट माझ्याकडे जमा कर.” मग तिने टेबलांवरून नजर फिरवली. “आणखी कोण चुकलंय मुद्दाम?”

कोणी हात वर केला नाही. एक आई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, तिने तो हात जरा घट्ट दाबला. एवढंच झालं.

शुक्रवारी डार्ला मुद्दाम मैदानावर गेली. घरी बसलो तर आपणच चोर ठरू, आणि जारेडही ऐकेना. आजूबाजूचे बाक रिकामे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “हरलो तर हिच्यामुळे.” जारेड संघाचा शर्ट घालून, आईची टोपी भुवयांपर्यंत ओढून बसला होता. बँड सुरू झाला की तो डोळे मिटून घ्यायचा. तिच्याशी तो कालपासून बोलला नव्हता. फक्त मधूनमधून विचारायचा, “आज कोणाशी आहे आपला?” ती सांगायची. थोड्या वेळाने तो पुन्हा विचारायचा.

मध्यंतरानंतर डेल आला. बरीच मंडळी बघत असतानाही जारेडच्या पलीकडे येऊन बसला.

जारेडचा चेहरा उजळला. “डॅड, मला आत कधी घेणार?”

डेलने डार्लाकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” ती म्हणाली. “सांग की. तुझाच विद्यार्थी आहे.”

खाली एक पोरगं जोरात आपटलं, उठलं, झोकांड्या खात आपल्या जागेवर गेलं. हॅली मैदानात शिरत होती, आणि सगळं गाव उभं राहून त्या पोरासाठी टाळ्या वाजवत होतं. डेल हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“डॅड,” जारेड म्हणाला, “आज कोणाशी आहे आपला?”